मिऱ्याचं अत्तर आणि वराळ्याची पंगत

परंदवडी

चि. सारिका हिला शालनआत्याचे भरभरून आशीर्वाद. पुण्यात जेवतेस ना वेळेवर? खोलीभर बाटल्यांत बसून सर्दी करून घेऊ नकोस, आता नाकच तुझं भांडवल. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात.

तू स्वतः केलेलं काळ्या मिऱ्यांचं आणि कार्नेशनचं अत्तर पाठवलंस आणि बजावलंस, की सगळ्यांची मतं खरी कळव, नाही आवडलं तर मुकाट लोणावळ्याच्या हॉटेलातली नोकरी परत धरते. म्हणून खरंच लिहिते. सखारामभावजींना गरम मसाला वाटला. त्यांनी दुखऱ्या दाढेवर चोळून पाहिला (दाढ तशीच आहे, गाल तेवढा घमघमतो). तुझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या कैलासदादाने, बूचसुद्धा उघडलं नाही. तू नोकरी सोडल्यापासून तो तुझं नाव घेत नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणाला, "पॉलिहाऊसात जन्म गेला माझा. कार्नेशनला वास कुटं असतो?" (नसतोच गं. मी दोन वाफे हुंगून आले, शिंकासुद्धा आल्या नाहीत.)

मग वराळ्याला आपल्या भावकीतल्या बजरंगच्या मुलीचा साखरपुडा झाला. पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायचा मान दादाचा, आणि नेमकी अत्तराची बाटली बजरंग घरी विसरला. दादा ओशाळून उभा. मला राहवेना. माझ्या पिशवीतली तुझी बाटली मी गुपचूप अत्तरदाणीत ओतली. दादाने अख्ख्या मांडवाच्या मनगटांवर तुझं अत्तर फासलं आणि लगेच पंगत बसली.

आता बघ, घास घ्यायचा तर हात नाकापाशी येणारच. दुसऱ्या घासाला ओरडा सुरू झाला, आमटी लय तिखट, पाणी आणा! मुलाच्या आईने तर ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, मोडतंय लग्न. आचारीण अंबूबाई पळी घेऊन बाहेर आली. बिचारीने मुलाच्या आजोबांच्या पित्तासाठी आमटी मुद्दाम अळणी-फिकी ठेवली होती. तिने वाढणाऱ्या दादाचा हात धरला, हुंगला आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाली, "मिरं आमटीत न्हाईत, कैलासभाऊंच्या मनगटावर हायेत!"

सगळे आपापले हात हुंगू लागले. मुलाच्या आईने दोनदा हुंगला आणि ती जी हसत सुटली, ती ताट पुढे ओढून जेवलीच. तेव्हा माझं मत असं, की मिरे निम्मे कर.

तुझी,
शालनआत्या

ता. क. मुलाची आई लग्नातही हेच अत्तर मागते आहे. तू स्वतः घेऊन ये.

ता. क. २. मिरे कमी करू नकोस, दादाने बजावलंय. हे अत्तर कुठे मिळतं, असं मुलाच्या आईने विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "दुकानात न्हाई मिळत. माजी सारिका करती."