सापाच्या झाडाची कुजलेली पानं

नागपूर, गुरुवार, १७ मे १९७३

ड्यूटीवरून दमून आले, तर उभ्या, पट्टेरी पानांच्या सापाच्या झाडाची कुंडी पुन्हा पाण्याने थबथबलेली. मामंजींना आपण पाणी घातल्याचं आठवतच नाही, म्हणून ते दिवसातून चार-पाचदा घालतात. पानं बुडाशी कुजून लिबलिबीत झाली होती. चहाही न घेता सुरी घेऊन बसले.

"काहून कापून राहिली वं?" मामंजींनी विचारलं.

"तुम्हीच पाणी घालून घालून मारलं त्याले!" मी ओरडलेच. त्या म्हाताऱ्या माणसावर कशाला ओरडले मी?

ते तांब्या धरून उभेच राहिले. म्हणाले, "तुही सासू माहेरी गेली नं. झाडाले पाणी देजा म्हणून सांगून गेली."

सासूबाईंना वारून दोन वर्षं झाली. रोज समजावते, आज त्राणच नव्हतं. नवीन रोपं करायला शेवटच्या चांगल्या पानाचे तीन तुकडे केले, लावताना उलटे होऊ नयेत म्हणून बुडाकडच्या बाजूला खूण केली आणि सुकायला ठेवले. हाताला अजून तो कुजका वास येतोय.

"सासूबाई परवा येतात," मी म्हटलं, "तोवर पाणी नका घालू."

मामंजींनी तांब्या खाली ठेवला आणि आरसा घेऊन दाढी करायला बसले.