डाव्या खांद्यामागे

आत्याबाई, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज ऐकलेलं माणूस या घरात आता मी एकटीच उरले आहे. लेक तेव्हा पाळण्यात होती, तिला तुम्ही आठवत नाही. आणि हे, तुमचा मुलगा, जाऊनही आता चार वर्षं होतील. म्हणून तुम्हालाच सांगते. गेल्या रविवारी मी एका व्याख्यानाला गेले होते. कंपवातावरच्या औषधाचा शोध कुठवर आलाय, असा विषय होता. मी जिथून पुस्तकं आणते त्या वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली होती. शेजारच्या वहिनींना म्हटलं, येता का? तर म्हणाल्या, "अहो, सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी रोगाचं ऐकायला कोण जातं? लग्नाला बोलवा, लगेच येते." मग स्वतःच चप्पल घालून जिन्यात उभ्या. "चहा तरी देतात ना?"

मी तुमच्यासाठी गेले, असं तेव्हा मला वाटत होतं. तुमचा उजवा हात सारखा हलायचा, जसं काही अंगठ्यानं वाती वळताय. निफाडहून तुम्ही आमच्याकडे सातपूरला राहायला आलात तेव्हाच तो हलत होता. दवाखान्यात सांगितलं, कंपवात आहे, वय झालं, गोळ्या द्या. गोळ्या दिल्या. पण घरात जी माणसं यायला लागली त्यांचा आणि त्या हाताचा काही संबंध असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. एकदा मी स्वयंपाकघरातून पाण्याचा हंडा घेऊन निघाले आणि तुम्ही ओरडलात, "बघून चाल ना गं! अंगावरून चालली त्यांच्या!" मी जागच्या जागी थांबले. फरशीवर काही नव्हतं, उन्हाचा एक तुकडा पडला होता. तुम्ही सांगितलंत, एक बाई आहे, तिच्याजवळ दोन पोरं आहेत, आणि दारापाशी एक माणूस पाठ करून उभा आहे. कोण आहेत, विचारलं, तर म्हणालात, "वळख नाय. पण आपल्यातलेच हेत." त्या दिवसापासून मी त्या जागेला वळसा घालून जायला लागले. हेही जायचे. कंपनीतून आठ तास मशीनवर उभं राहून आलेला माणूस, पण स्वतःच्याच घरात भिंतीला धरून चालायचा.

पितरांचं काही राहिलं असेल असं भावकीनं ठरवलं आणि आम्ही दोघं तुम्हाला घेऊन त्र्यंबकला जाऊन विधी करून आलो. नवं धोतर, नवी पांढरी साडी, कणकेचा पुतळा, त्याच्यासमोर हे असे बसले होते की खरंच कुणाच्या तरी उशाशी बसलेत. निघताना मागे वळून पाहू नका, असं गुरुजींनी बजावलं होतं. आम्ही पाहिलं नाही. तुम्ही बसमध्ये खिडकीपाशी बसला होतात. ह्यांनी हळूच विचारलं, "आई, गेले का गं?" तुम्ही मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "नाय. बसलेत मागं. बारकं पोरगं झोपलंय." कंडक्टर तिकिटं फाडत मागे गेला आणि तुम्ही त्याच्याकडे रागानं बघत राहिलात, झोपमोड करील म्हणून. मला हसू आलं होतं, आणि अंगावर काटाही आला होता.

मग आम्ही त्यांच्यासह राहायला लागलो. दुपारी तुम्ही मला पेपर वाचायला लावायचात. माझी चौथीनंतर शाळा सुटलेली, जोडाक्षर आलं की मी अडायची. तुम्ही म्हणायचात, "मोठ्यानं वाच. त्यांला बी ऐकू जाऊ दे." मी रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बाजारभाव वाचते आहे, द्राक्षाचा भाव, कांद्याचा भाव, कुठे कोण निवडून आलं ते, आणि तुम्ही मधेच त्या पोरांना दटावता, "गप ऱ्हा, ऐका." तशी वाचायला शिकले मी. आज जाडी पुस्तकं वाचते, पण शेवटचं पान झाल्यावर अजून क्षणभर समोर बघते, सगळ्यांनी ऐकलं का म्हणून.

व्याख्यान देणाऱ्या डॉक्टरबाई आपल्या नाशिकच्याच, लेकीपेक्षा थोड्या मोठ्या. सोपं बोलत होत्या. मेंदूत खोलवर काही पेशी असतात, त्या जे तयार करतात त्यावर आपली हालचाल चालते, त्या हळूहळू मरत जातात. आजच्या गोळ्या उणीव भरून काढतात, पण ते मरणं थांबवत नाहीत. थांबवणारं औषध अजून नाही. कुणी नव्या पेशी लावून बघतंय, कुणी पेशींत साचणारा गाळ काढता येतो का ते बघतंय. पुढच्या रांगेतले एक काका उठले. "मॅडम, आडवळणानं नको. आमच्या हयातीत येणार का?" बाई म्हणाल्या, "काका, तारीख सांगितली तर ती खोटी असेल. शोधणारे थांबलेले नाहीत, एवढंच खरं सांगते. आणि हात हलायला लागतो तेव्हा आत बरंच संपलेलं असतं, म्हणून आता आधीच्या खुणा शोधतात. वास येईनासा होतो. झोपेत माणूस हातपाय झाडतो."

मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं. म्हटलं, माझ्या सासूबाईंना हा आजार होता आणि त्यांना घरात माणसं दिसायची. मागे कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बोलायची का ती माणसं?" नाही म्हटलं. "नुसती बसलेली असायची? लहान मुलंही होती?" होती. आत्याबाई, त्यांनी अशी मान हलवली की जणू त्या बाईला आणि त्या दोन पोरांना ओळखतात, कालच कुठल्या तरी दुसऱ्या घरात भेटून आल्यात. म्हणाल्या, या आजारात असं पुष्कळांना दिसतं. कधी आजारानं, कधी गोळ्यांनी. आणि काहींना तर हात हलायच्या आधीपासून नुसतं वाटतं, दिसत काहीच नाही. "मागे कुणीतरी उभं आहे. बहुधा एकाच बाजूला. वळलं की कुणी नसतं." मग मी पाहिलं, ते पुढच्या रांगेतले काका सावकाश मागे वळले. त्यांच्या शेजारचेही. सभागृहात जागोजागी माणसं हळूच मान वळवून आपल्या मागची जागा बघत होती. मी वळले नाही.

दिवाळीपासून हे माझ्या मागे उभे असतात. मी भांडी घासायला मोरीपाशी उभी राहिले की डाव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर. पूर्वी पाणी प्यायला येऊन उभे राहायचे तसे. बोलत नाहीत. मी जरा उजवीकडे सरते, म्हणजे त्यांना माठापर्यंत जाता येईल. भीती कधी वाटली नाही. गेल्यावर पहिली तीन वर्षं जो रिकामपणा होता तो कमी झाला, एवढंच मला कळत होतं. मध्यंतरी दूध करपून घर धुरानं भरलं तरी मला वास आला नव्हता, वहिनींनी दार बडवलं. "अहो, नाक गहाण ठेवलंय का?" आम्ही दोघी हसलो होतो.

चहाच्या वेळी मी बाईंना गाठलं. विचारलं, आपलं माणूस गेल्यावरही असं वाटतं ना? म्हणाल्या, "वाटतं की. कितीतरी जणांना वाटतं, आणि त्यांना काही आजार नसतो. नुसतं ऐकून मी सांगणार नाही." मग म्हणाल्या, जरा त्या दारापर्यंत चालून या. मी चालून आले. वहिनी बिस्किट हातात धरून बघत होत्या. बाई माझ्या तोंडाकडे नाही, डाव्या हाताकडे बघत होत्या. तो माझ्या अंगाला चिकटून होता, हलत नव्हता. मलाही तेव्हाच दिसलं. "पुढच्या सोमवारी दवाखान्यात या. घाबरू नका. लवकर कळलं तर बरंच करता येतं." मी विचारलं, औषधानं तो मागचा जाईल का? "त्रास होत असेल तर त्यावरही उपाय आहेत." म्हटलं, त्रास नाही. बाईंनी कप खाली ठेवला आणि माझा हात हातात घेतला.

तेव्हापासून तुमचाच विचार करते आहे. तुम्हाला अनोळखी माणसं मिळाली, मला माझं माणूस मिळालं, असं मी समजत होते. पण मी तरी कुठे वळून पाहिलंय? तुमच्या दारापाशी जो पाठ करून उभा असायचा त्याचं तोंड तुम्हीही कधी पाहिलं नाहीत. तो आपल्यातलाच आहे, हे तुम्हाला कसं कळलं होतं? हे विचारायला दुसरं कुणी नाही मला.

सोमवारी जाणार आहे. लेकीला फोन केला, ती अंबडहून येते आहे सोबत. हे पत्र कुठे टाकायचं नाही, माहीत आहे मला. पण ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. भर दुपारी टेबलाशी बसून लिहिते आहे, आणि डावा हात कागदावर आडवा धरला आहे, मागून वाचता येऊ नये म्हणून.