बाईंची पेटी मी माझी म्हणून सांगितली

नाही हो बाई, भीक नव्हते मागत. नुसती बसले होते. पापडी गावच्या मच्छीबाजारात दुपारी ओटे धुऊन झाले की जरा गारवा असतो, म्हणून बसले. मांडीवरचं गाठोडं होतं आमच्या ह्यांच्या पँटी-शर्टांचं. तिथे भांडीवाली येते, जुने कपडे घेते आणि त्यावर भांडं देते. ह्यांना जाऊन वर्षं झाली, तरी कपडे कपाट अडवून बसलेत. म्हटलं, जिवंतपणी कधी एक पेला विसळला नाही, निदान आता तरी घरात एक पातेलं आणा. पण भांडीवाली आली नाही. बाजूच्या ओट्यावर लोकांचे मासे साफ करून देणारी एक बाई बसली होती. ती तिथेच राहते, झोपतेही त्याच ओट्यावर. तिचा पाय सुजलेला, माझी साडी बाजारात नेसायची, विटलेली, आणि दोघींच्या अंगाला बोंबलांचा वास. तेवढ्यात खांद्याला पिशव्या लावलेल्या दोन मुली आल्या. त्यातली चष्मेवाली माझ्यापुढे ओल्या लादीवरच बसली आणि म्हणाली, "आजी, तुमच्याशी थोडं बोलू का?"

असं मला कोणी शेवटचं कधी विचारलं होतं, ते काही आठवेना. दूधवाला विचारतो किती, रिक्षावाला विचारतो कुठे. बोलू का, असं कोण विचारतं?

मुंबईच्या कॉलेजात त्यांचं मानसशास्त्राचं मोठं शिक्षण चाललंय, आणि अभ्यास बेघर माणसांचा. आधी सगळं नीट समजावून सांगितलं. नाव कुठे येणार नाही, नकोसं वाटलं तर मधेच थांबा, म्हणाल्या. ट्रॉमा आणि इक्विटी हे दोन शब्द सारखे तोंडात. मी विचारलं, ट्रॉमा कुठे होतो गं, पोटात की डोक्यात? दुसरी, ती रेकॉर्डिंगचा मोबाइल धरणारी, फिसकन हसली. चष्मेवाली हसली नाही. विचार करून म्हणाली, दोन्हीकडे, आजी. तिथेच मला ती आवडली. मग तिने विचारलं, तुम्ही इथे कधीपासून राहता. आता तुम्ही मला ओळखता, बाई. तुम्ही फळ्याकडे तोंड केलंत की मागे तुमची नक्कल कोण करायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, झाली काही वर्षं.

एकदा बेघर झाले म्हटल्यावर कशी झाले तेही सांगायला नको का? माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तुमचं सांगितलं. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. पत्र्याची पेटी घेऊन चिंचोटीकडच्या एका गावात आले. शाळेच्या मागच्या खोलीत राहिले, स्टोव्ह भारताच्या नकाशामागे लपवला, पावसात छप्पर गळायला लागलं की पेटी बाकावर चढवायची आणि आपण पेटीवर बसायचं. मास्तरीण होते म्हणाले नाही, माझ्या बोलण्यावरून कोणी विश्वास ठेवला नसता. शाळा झाडायचे म्हणाले. तुमचा हुद्दा तेवढा खाली आणला, रागावू नका. चष्मेवाली विचारायची, गावाला माहीत होतं का? मी सांगायचे, मोठ्यांना होतं. पोरांना वाटायचं, हिला शाळा इतकी आवडते की ही घरीच जात नाही. खरंच वाटायचं तसं, बाई. आई मला हे सगळं बोलली ती माझं लग्न ठरल्यावर.

मे महिन्याच्या सुट्टीतली ती दुपार मात्र मी त्यांना दिली नाही. आईने मला डब्यात भाकऱ्या आणि सुकटीची चटणी देऊन पाठवलंय. "जा, बाईंना देऊन ये, पन बसू नको तिथं." गाव उन्हात झोपलंय. तुम्ही पोरांच्या बसकरावर पाय पसरून बसला आहात, केस मोकळे, आणि मी दारातच थिजले आहे, कारण सुट्टीत तुम्ही पट्टी कुठे ठेवता ते मला ठाऊक नाही. त्याच पट्टीने तुम्ही माझं पानी मारून मारून पाणी केलं होतं. तुम्ही म्हणता, ये, वाचून दाखव काहीतरी. मी म्हणते, पुस्तक नाही आणलं. मग तुम्ही म्हणता, "नुसती बोल मग. काहीही बोल." मी बोलत सुटले. हरवलेली कोंबडी, आत्याचं बाळ, कोणी कोणाच्या विहिरीत चप्पल टाकली ते सगळं. त्या दिवशी तुम्ही माझा एकही शब्द सुधारला नाहीत. निघताना नवी कोरी निळी पेन्सिल दिलीत, आणि मला वाटलं, ती भाकऱ्यांबद्दल दिली.

मुली दर आठवड्याला यायला लागल्या. मीही गाठोडं घेऊन वेळेवर हजर. एकदा भांडीवाली आली, चांगलं झाकणाचं पातेलं दाखवलं, तर मी तिलाच हाकललं. गाठोडं दिलं असतं तर बेघर कशी दिसले असते? बाजूच्या ओट्यावरच्या मासेवालीनेही माझं सगळं खरं मानलं होतं. रात्री कुठे जातेस, तिने विचारलं, मी म्हटलं देवळाच्या ओसरीत. तेव्हापासून ती माझ्यासाठी कोरडा ओटा अडवून ठेवायची. मी काय सांगू तिला?

मग एक दिवस चष्मेवाली लांबूनच हसत आली. बायकांच्या निवाऱ्यात एक जागा झाली होती. एकच. निवारा चालवणाऱ्या बाईंनी ह्या मुलींनाच विचारलं होतं, कोणाला घेऊ. तिनेच मला इक्विटी शिकवली होती, की सगळ्यांना सारखं वाटायचं नाही, ज्याची गरज मोठी त्याला आधी. आणि गरज माझी मोठी ठरली, कारण मी जास्त बोलले होते. मासेवालीने त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला "बरं हाय", "चालतंय" एवढंच सांगितलं होतं. आता ती सुजलेला पाय ओढत माझ्याजवळ सरकली, माझ्या गाठोड्याची सैल झालेली गाठ आवळून दिली आणि म्हणाली, "जा तू. पंखा असंल तिथं."

माझ्या घरात पंखे आहेत, बाई. एसीसुद्धा आहे, मी लावत नाही.

मी कमरेची किल्ली काढून ओट्यावर ठेवली. म्हटलं, ही माझ्या घराची, ती जागा हिला द्या. मोबाइलवाली म्हणाली, आजी, सीरियसली? चष्मेवालीने एवढंच विचारलं की ती पेटी कोणाची होती. आमच्या बाईंची, म्हटलं. ती म्हणाली, तुमची मुलाखत आम्हाला काढून टाकावी लागेल. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणजे तुम्हालाही काढलं, बाई, माझ्यामुळे. आणि मासेवाली किल्लीकडे बघत म्हणाली, "घर हाय तर हितं कशाला येऊन बसतीस गं?"

मी किल्ली उचलून परत कमरेला लावली.

मुली तिला रिक्षाने घेऊन गेल्या. आता तिचा ओटाही रिकामा आहे, त्यावर बाजाराचं मांजर बसतं. हे पत्र तरी कुठे टाकू? तुमची शाळा होती तिथे गोडाऊन झालंय. तुम्ही गेलात ते मला उशिरा कळलं, आणि पेटी कोणी नेली ते गावात कोणालाच सांगता आलं नाही.

रिक्षात बसण्याआधी चष्मेवाली परत मागे आली होती. म्हणाली, पुढच्या आठवड्यात तुमच्या घरी येऊ का आजी, अभ्यासाला नाही, असंच चहाला? मी म्हटलं, नको गं, सून फार कडक आहे, शिवाय नातवंडांची परीक्षा. ती बरं म्हणाली आणि गेली.

सून नाही घरात, बाई. ती, मुलगा, नातवंडं, सगळी तिकडे कॅनडात. घरात कोणीच नाही. ते तिला दिसलं असतं, म्हणून मी नको म्हटलं.