माळवदावर रेंज

लातूर

तीर्थरूप मायला, तुझ्या पुनमचा पाया पडून नमस्कार.

मी बरी हाय. फोन रेक्टरबाईकडं जमा असतो अन् बोलताना त्या शेजारीच उभ्या राहतात, म्हणून पत्र लिहिती. पेपरात आलेलं हॉस्टेल आमचंच. जीव दिलेली पोरगी आमच्याच मजल्यावरची होती. पण तू घाबरू नको.

त्यानंतर क्लासवाल्यांनी नवी रीत काढली. ज्याला पाहिजे त्यानं चार दिवस घरी बसून मोबाईलवर शिकायचं, दोन दिवस इथं येऊन अडलेलं विचारायचं. माझ्या खोलीतली मंजुषा लगेच उदगीरला गेली. समजलं न्हाई की ती मोबाईलातल्या सरांना थांबवून पुन्हा ऐकती. इथं दोनशे पोरांत सरांना कोण थांबवणार? मी नुसती मान हलवती. मंजुषाचे मार्क लई वाढले. आता ती हसती बी.

बाबांनी मात्र रेक्टरबाईला सांगितलं, "आमची पोरगी तिथंच राहील. घरी आली तर लोक म्हणतील, झेपलं न्हाई." वेशीवर 'भावी डॉक्टर' म्हणून माझा फ्लेक्स लावलाय त्यांनी, त्यांचं बी कळतं मला.

आजीचा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का? तुझे धपाटे पोरींनी आवडीनं खाल्ले. मला भूक नव्हती.

बाबांशी भांडू नको. फक्त माळवदावर चढून मोबाईलला रेंज कुठं येती ते बघून ठेव. ऊन लागत असंल तर वेशीवरचा तो फ्लेक्स काढून वर बांध. त्याच्या सावलीत बसून शिकंन मी.

पण लवकर बांध, माय.

तुझीच,
पुनम