पहारेकऱ्यानं घरालाच कडी घातली त्याची हकीकत

चि. धाकटे बंधुराज यांस दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र कागदावर आलेलं पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. तुझी वहिनी बरी आहे. तुझ्या पुतणीची उंची वाढली आहे आणि माझ्याबद्दलचा आदर त्याच प्रमाणात कमी झाला आहे. आईचा गुडघा जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही. डॉक्टरांच्या मते हे उलटं असायला हवं, आणि आईच्या मते गुडघा तिचा आहे. तू कसा आहेस? वेळेवर जेवतोस ना? (हा प्रश्न आईचा. मी फक्त पोचवतो.) घरातलं पोचवण्याचं खातं माझ्याकडे आहे हे तू जाणतोसच, आणि त्याच खात्याचे गेल्या आठवड्यात बारा वाजले. ते फोनवर सांगता येत नाही, कारण आई शेजारच्याच खोलीत असते आणि तिचे कान गुडघ्यासारखे नाहीत.

आपल्या घराचा पत्रव्यवहार कुठल्यातरी परक्या कंपनीच्या फुकट पेटीत का पडून राहावा, म्हणून मी मेलचा सर्व्हर घरातच बसवला, हे तुला आठवत असेल. तो अजून जिन्याखालच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, खाली इस्त्री आणि छत्र्या. प्रत्येकाला पेटी दिली, आणि ती ब्राउझरमधून उघडण्यासाठी एक पान केलं, ज्यावर मी स्वतः काढलेलं कबुतर आहे (वहिनी त्याला कोंबडी म्हणते). घर सोडून दूर जाताना तू ही पेटी सोडणार नाहीस असं कबूल केलं होतंस. तिकडे पोचताच तू फुकट पेटीवाल्यांना जाऊन मिळालास, तेही मला कळलं. माझा राग नाही. (आहे.) पण आईनं तुझा जुना पत्ताच धरून ठेवला. फोनवर ती बिल वाढेल म्हणून घाईत असते. तिचं खरं बोलणं पत्रात. दर आठवड्याला एका बोटानं टाइप करून ती तुला पत्र टाकते, आणि तुझं उत्तर एकदाही आलेलं नाही. तुला विचारायला ती तयार नाही, मागून घेतलेलं उत्तर तिला नको. मग तिनं आपला निष्कर्ष काढला की पत्रं पोचतच नाहीत आणि दोष सर्व्हरचा आहे. म्हणजे माझा.

अशा नाजूक वेळी, सोमवारी दुपारची जेवणं आटोपल्यावर वहिनीला तिची पेटी उघडेना. पान छान उघडत होतं, कबुतर दिसत होतं, पण नाव-पासवर्ड घातला की लाल पट्टी यायची आणि बाहेरचा रस्ता. मी अर्थातच तिचा पासवर्ड चुकला असणार असं म्हणालो. तिनं तो माझ्यादेखत तीनदा घातला, तिसऱ्यांदा प्रत्येक अक्षर मोठ्यानं उच्चारत, त्यामुळे आता तो शेजाऱ्यांनाही पाठ झाला आहे. मग मी माझी पेटी उघडून दाखवायला बसलो. मलाही बाहेरचा रस्ता. त्यावर तिनं आपला पासवर्ड आणखी एकदा, सावकाश, मोठ्यानं म्हणून दाखवला. 

मग मी कामाला लागलो. प्रथम सर्व्हर बंद करून चालू केला (पहिल्या खेपेला चुकून पाण्याच्या पंपाचा प्लग काढला, ते कोणाला कळलेलं नाही, वरच्या टाकीलाच काय ते कळलं). मग डिस्क भरली असेल म्हणून जुनं सामान पुसलं. मग तुझा सोडून घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड बदलून टाकले, म्हणजे आत्तापर्यंत ज्यांना आत जाता येत नव्हतं त्यांना आता आपण काय घालून आत जात नाही आहोत तेही आठवेना. गंमत म्हणजे अधूनमधून सगळं आपोआप सुरळीत व्हायचं. सकाळी हवी ती पेटी उघडावी. दुपारी जेवून बसलो की पुन्हा लाल पट्टी. दुपार म्हणजे ऊन, ऊन म्हणजे उष्णता, असा शोध लावून मी टेबलावरचा पंखा कपाटात बसवला. पेटी उघडली! माझी छाती अशी फुगली की मी सगळ्या घराला (आई तेवढी दुपारची झोप म्हणून आपल्या खोलीत होती) जिन्याखाली बोलावून उष्णता या विषयावर थोडं बोललो. बोलणं संपवून प्रात्यक्षिक दाखवायला गेलो तर पुन्हा लाल पट्टी. पंखा मात्र मन लावून इस्त्रीला वारा घालत होता.

इथे वहिनीचा संयम संपला. रविवारपर्यंत हे चाललं नाही तर सगळं घर फुकट पेटीवाल्यांकडे जाईल आणि त्या फळीवर पाहुण्यांच्या गाद्या ठेवल्या जातील, असं तिनं जाहीर केलं. मला गाद्यांचं काही वाटलं नाही. पण आई तेव्हा दारात उभी होती, आणि तिनं विचारलं, "मग माझी त्याला टाकलेली पत्रं कुठे जातील?" खरं सांगतो, त्या क्षणी तो सर्व्हरचा खोका मला माझा न वाटता आईचा वाटू लागला.

शेवटी तुझ्या पुतणीनं सुचवलं की सर्व्हर स्वतःच्या नोंदी लिहितो त्या वाचाव्यात. मी म्हणालो, तेच करणार होतो. (नव्हतो.) नोंदी उघडल्या आणि माझी पाचावर धारण बसली. रोज दुपारी कोणीतरी तुझ्या, हो, तुझ्याच पेटीवर चुकीचे पासवर्ड मारत होतं! आता इथे माझ्या पहारेकऱ्याची ओळख करून द्यायला हवी. तू गेल्यावर मी सर्व्हरवर एक पहारेकरी प्रोग्रॅम बसवला. कोणी लागोपाठ पाच वेळा चुकीचा पासवर्ड घातला की तो त्या पत्त्यावरून (पत्ता म्हणजे यंत्राचा, नेटवरचा) येणाऱ्यांना अर्धा तास दार बंद करतो. बसवताना सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की घरच्या पत्त्याला यातून वगळा. मी वगळलं नाही. नियम म्हणजे नियम, घरच्यांनाही, असं मी तेव्हा तुझ्या पुतणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, आणि तिची स्मरणशक्ती दुर्दैवानं उत्तम आहे. आता आमचं कबुतराचं पान राहतं त्याच खोक्यात. त्या पानावरून कोणीही आलं तरी पहारेकऱ्याला तो घरातूनच आलेला दिसतो. म्हणजे एकानं पाच चुका केल्या की तो साऱ्या घराला कडी घालणार, आणि मी चिडून पासवर्ड बदलून बदलून घालत बसलो की माझ्या चुका धरून पुन्हा कडी घालणार. सगळं दारातल्या रखवालदारासारखं, फक्त हा माझं तोंड ओळखत नव्हता.

पण मूळ चोर कोण? मला तर परदेशी टोळीचा संशय होता. दुसऱ्या दिवशी जेवण होताच मी नोंदींसमोर दबा धरून बसलो. थोड्या वेळात एक चुकीचा पासवर्ड आला. मग बऱ्याच वेळानं दुसरा. टोळी फारच सावकाश टाइप करत होती. तेवढ्यात आईच्या खोलीतून टक, टक, मग मोठा उसासा, मग पुन्हा टक. आत जाऊन पाहतो तर आई पुतणीच्या जुन्या लॅपटॉपपुढे, चष्मा कपाळावर, एक बोट हवेत.

"काय करतेस?" मी विचारलं.

"पत्रं पोचलीत का बघतेय," ती म्हणाली. "त्याची पेटी उघडली की दिसतील ना. पासवर्ड काय ठेवला असेल रे त्यानं?"

दुपारची झोप सोडून तिचा हा उद्योग चालला होता. तुझं लाडाचं नाव घालून झालं होतं, तुझी शाळा झाली होती, तू ताटात बाजूला काढायचास तो भोपळा झाला होता, आणि तुझ्या वर्गातली ती चष्मेवाली मुलगीही झाली होती (आईला सगळं माहीत होतं, तू उगाच लपवत होतास). चोरी म्हणावी तर ही चोरी, पण माझ्याच्यानं रागवणं झालं नाही. मी मुकाट्यानं कपाटाशी गेलो आणि पहारेकऱ्याला सांगितलं की घरच्यांचं कितीही चुकलं तरी दार बंद करायचं नाही. तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. गाद्या माळ्यावरच राहिल्या. वहिनीनं कबुतराला एकदा चुकून कबुतर म्हटलं.

बाकी सर्व क्षेम. प्रकृतीला जप, आणि कधी कुणाला पहारेकरी नेमलास तर आधी घरच्यांची ओळख करून दे.

तुझा,
दादा

ता. क. पहारेकरी हटताच आईनं दोन दिवसांत तुझा पासवर्ड ओळखला. "दादाखडूस", मोठ्या दादाचं कौतुक म्हणून पुढे तीन उद्गारचिन्हं. तू असा ठेवशील हे तिला कसं सुचलं ते मी विचारलं नाही. ती मात्र माझ्याकडे पाहून हसत राहिली.

ता. क. दुसरा. आता हा कागद खरा कशासाठी, ते ऐक. तुझ्या पेटीत बाकी सगळी जुनी पत्रं आहेत, तू इथे असताना वाचलेली, ती बारीक अक्षरात दिसतात. आईची तेवढी ठळक. न उघडलेलं पत्र ठळक दिसतं, हे तुला आणि मला माहीत आहे. आई मात्र वहिनीला हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "बघ, पोचली सगळी. आणि माझी कशी जाड अक्षरात जपून ठेवलीत त्यानं!" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. आई आता रोज दुपारी तुझी पेटी उघडते, नुसती पाहते आणि बंद करते. आपणच लिहिलेलं पुन्हा काय वाचायचं, म्हणते. तेव्हा माझ्या राजा, आजच्या आज आत जा आणि एकेक पत्र वाचून त्याचं उत्तर टाक. सगळी एकदम उघडू नकोस. ठळकपणा जाईल तेव्हा त्या जागी उत्तर असू दे, मग तिचं लक्षही जाणार नाही.

ता. क. तिसरा. सगळ्यात जुन्या पत्रात तिनं विचारलंय की तुझा निळा स्वेटर इथे राहिलाय, तो पाठवू का. तुझं उत्तर येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही म्हणून ती तो उशाशी घडी करून ठेवते. उत्तर काय द्यायचं ते तू ठरव. पण थंडी पडायला लागली आहे, आणि तो मला अगदी बरोबर बसतो.