स्वयंपाकघरातून ऐकलेलं मशीन

पप्पा, गेल्या रविवारी तुमचं मशीन चालू केलं. घरात आपण सगळे त्या अ‍ॅम्प्लिफायरला मशीनच म्हणायचो, आणि तुम्ही गेल्यापासून ते पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली होतं. तुमच्याशी मी जन्मभर मालवणीत बोलले, तेही अरे-तुरे करून. पण सावंतवाडीच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून पत्र लिहायचे ते मराठीत आणि अहो-जाहो करून, कारण सिस्टर वाचून मगच पाकीट बंद करायच्या. हाताची ती सवय गेली नाही, म्हणून आजही हे असंच.

तुमच्या नातीला, माझ्या मुलीला, तुम्ही पाहिलं नाहीत. ती मुंबईत साऊंड रेकॉर्डिंगचं काम करते आणि तुमचीच गिटार वाजवते. या वेळी सुट्टीला आली ती लॅपटॉप, माइक आणि वायरींचं भेंडोळं घेऊन. म्हणाली, "मम्मा, ग्रँडपांचं मशीन चालतंय तोवर कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवते." मला वाटलं टेप करणार. तसं नव्हतं. ठरावीक आवाज मशीनमधून सोडायचा, बाहेर काय येतं ते माइकने टिपायचं, आणि मग न्यूरल नेटवर्क म्हणतात ते सॉफ्टवेअर दोन्ही शेजारी ठेवून, चुकत, सुधारत शिकतं की हे मशीन आत गेलेल्या आवाजाचं नक्की काय करतं. एकदा शिकलं की मशीनची गरज उरत नाही. गिटार लॅपटॉपला लावायची, आवाज तुमचा यायचा. "आणि बटणं?" मी विचारलं. "बटणं असतील तशीच उतरणार. एका वेळी एकच ठेवण. म्हणून तर तू हवीस, मम्मा. ती कुठे ठेवायची ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

बटणांवरचे आकडे तुमच्याच बोटांनी पुसले गेलेत. आई नाही, तुमच्याबरोबर वाजवणारं कोणी उरलं नाही, भाऊ तेव्हा अगदी लहान होता. तुमची एकच कॅसेट होती, तिला बुरशी लागली. म्हणजे तुमचा आवाज आता फक्त माझ्या कानात, आणि मी सांगेन तोच पुढे राहणार. त्यात कुडाळच्या मिस्त्रीने मशीन उघडून पाहिलं होतं. "व्हॉल्व्ह मिळतले, बाय," तो म्हणाला, "पण ह्यो ट्रान्सफॉर्मर कोणीतरी हातान गुंडाळलेलो आसा. तापलो की वास मारता. चलता तितक्या चलवा. गेलो तर माझ्याकडे हाडू नकात." पुन्हा पुन्हा करून बघायची सोय नव्हती.

रविवारची सकाळ निवडली, वाडी चर्चला मिसाला गेली की सगळीकडे शांत असतं म्हणून. मी हेडफोन लावून मशीनसमोर बसले. तिने एक सूर छेडला आणि माझ्या कानात सुई गेल्यासारखं झालं. हे पप्पांचं नव्हे, म्हटलं. तुमचा आवाज कसा गोल, गुळासारखा. ट्रेबलचं बटण खाली केलं. अजून खाली केलं. मुलगी हसली. "मम्मा, आणखी खाली केलंस तर ग्रँडपा तारकर्लीला पाण्याखाली बसून वाजवतायत असं वाटेल." मला हसू आलं नाही. मशीन तापत होतं. मीच म्हटलं, बंद कर, निवू दे. आणि चहा टाकायला आत गेले.

आधण ठेवलं तेवढ्यात तिने मशीन परत लावलं आणि सहज काहीतरी वाजवलं. भिंतीपलीकडून आलेला तो आवाज मेलेला होता. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. मी तशीच उभी राहिले, आणि मग लक्षात आलं की मी तुमच्या मशीनसमोर कधी बसलेलेच नाही. लहानपणी, लग्नाच्या किंवा नवरा-नवरीला नारळाचा रस लावतात त्या रोसाच्या आदल्या दिवशी तुम्ही पुढच्या खोलीत आवाज लावत असता, आणि आम्हा पोरांना तिथे बंदी असते, शॉक लागेल म्हणून. मी इथे, आईजवळ. आई नारळ खवते आहे. बाहेरून तुम्ही विचारता, "आयकाक येता काय गो?" आई विळीवरून न उठता म्हणते, "येता. पण बारीक तार टोचता." आणि तुम्ही खूश. "टोचता मां? मग बरा आसा. मांडवात मान्सा भरली की अर्धो आवाज तेंचे कपडेच खातले." आई माझ्याकडे बघून पुटपुटते, "सगळ्यांका आयकाक व्हया, आणि टोचाक फकत माका." तुम्ही बटणं लावत होता ती आईच्या उत्तरावर. तुमच्या आवाजाचा माझा सगळा ऐवज या भिंतीतून गाळून आलेला, नारळाच्या वासासकट.

मी इथूनच ओरडले, "ट्रेबल वाढव."

"आत्ता तर तूच कमी करायला लावलंस."

"चुकले. वाढव. आयकाक येता तसा सांगतंय."

तिने वाढवलं. वाजवलं. "मम्मा, इथे माझे कान फुटतायत."

"फुटूं देत. आणखी थोडो."

आवाज जवळ येत होता, पप्पा. माणूस पाणंदीने चालत येताना आधी नुसता सदरा दिसावा आणि मग चाल ओळखू यावी, तसा. चेहरा दिसायला थोडंच राहिलं होतं. आणि तेवढ्यात तो वास आला, तापलेल्या वार्निशचा. "तितकोच," मी म्हटलं. "आता हात लावू नको."

मग तिने तिचा तो आवाज सोडला. शिट्ट्या, खरखर, मध्येच गिटारचे तुकडे. वास वाढत गेला. मी ओट्याची कड धरून ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणायला लागले आणि अर्ध्यावर शब्द विसरले. लहानपणापासून रोज म्हणते, तरी. संपल्यावर तिने आधी मशीन बंद केलं, मग मला हाक मारली. मशीन वाचलं होतं.

दुपारी जेवणं होईपर्यंत लॅपटॉपचं शिकून झालं. मशीनची वायर भिंतीतून काढलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मुलीने मला परत आत पाठवलं आणि रोसाच्या दिवशी तुम्ही वाजवायचात तो मांडो, ते जुनं संथ कोंकणी गाणं, वाजवला. मी तिला कधीतरी गुणगुणून शिकवला होता. वाजवून झाल्यावर ती दारात येऊन उभी राहिली. "ग्रँडपाच ना?" तिचा चेहरा असा होता की काय सांगू. मी म्हटलं, "होय गो. तोच."

ती मुंबईला गेली. जाताना माझ्या फोनवर तो मांडो घालून गेली, आणि मी तो येता-जाता ऐकते. पण पप्पा, तितकोच म्हटलं तेव्हा मला खात्री झाली नव्हती. मला वास आला होता आणि मी घाबरले होते. बटण अजून किती फिरायला हवं होतं, की फिरायला नकोच होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आणि आता कळायची सोयही राहिलेली नाही, कारण डोळे मिटून तुम्हाला आठवायला गेले की लॅपटॉपमधलाच आवाज येतो. त्याच्या मागे काही होतं, एवढंच माहीत आहे. तो कसा होता ते ऐकू येत नाही.

सिस्टर आता वाचणार नाहीत, पण मुलगी वाचेल, म्हणून हे तिच्या हाती लागू द्यायचं नाही. तिने पुन्हा विचारलं तर मी होयच म्हणेन.