मामींच्या मांडवातली जांभळी

मामी, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुम्ही खांद्यावर घेऊन फिरवलेली नात स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं बघते आहे. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आणि मी सून होऊन आले तेव्हा मलाही मराठीत चार ओळी धड लिहिता येत नव्हत्या. एका चुलीवर रांधणाऱ्या सासू-सुनेला पत्राची गरजही कधी पडली नाही. पण आज सकाळपासून पाऊस लागला आहे, बाजारात जायचं नाही, आणि तुमच्याशी बोलावंसं फार वाटतं आहे, म्हणून वही घेऊन बसले.

मी फ्लाककडची, बेटाच्या पूर्व किनाऱ्याची. आमच्याकडे ऊन आणि ऊस, दुसरं काही नाही. दुपारी घराचा पत्रा तापून तडतडायचा. लग्न होऊन वर डोंगराकडच्या नुव्हेल फ्रांसला आले ती एकदम धुक्यात. सकाळी दार उघडलं की समोरचा रस्ता दिसायचा नाही, धुतलेलं लुगडं तीन-तीन दिवस वाळायचं नाही. तुमचा मुलगा चहाच्या मळ्यावर लॉरी चालवायचा, तो उजाडायच्या आत निघून जाई. मग घरात आपण दोघीच. तुम्ही फारसं बोलत नसायचात. चहा पिऊन झाला की घरामागच्या मांडवात जायचात, आणि मी चुलीजवळ बसून रडायचे.

तो मांडव मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. बांबूचे खांब, वर नेच्याच्या फांद्यांचं छप्पर, त्यातून झिरपणारा हिरवा उजेड. खाली दुधाच्या पावडरीचे आणि तेलाचे जुने डबे ओळीने मांडलेले, आणि त्यात पानंच पानं. कॅलेडियम, रंगीत पानांचे बेगोनिया, आणि काळ्या दांड्याचा तो नाजूक नेचा, ज्याला तुम्ही सगळ्यांसारखं कापिलेर म्हणायचात. फुलझाडं तुम्ही ठेवतच नसायचात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "फूल चार दिसांत गळतं न् गिऱ्हाईक मला शिव्या देतं. पान ऱ्हातं." शनिवारी दोन टोपल्या घेऊन तुम्ही बसने क्वात्र बॉर्नच्या बाजारात जायचात. तिथल्या कारकुनांच्या आणि मास्तरांच्या बायका, त्या सगळ्या मादाम, व्हरांड्यात ठेवायला तुमच्याकडूनच कुंड्या नेत. नवरा गेल्यावर तुम्ही मुलगा वाढवलात तो त्या पानांवर.

महिनाभराने तुम्ही मला मांडवात बोलावलंत. पहिल्याच दिवशी मी कापिलेरला वरून तांब्याने पाणी ओतलं आणि त्याची अर्धी पानं आडवी झाली. तुम्ही तांब्या माझ्या हातातून काढून घेतलात. "पानाला हात लावायचा तो तान्ह्या पोराच्या कानाला लावावा तसा," एवढंच म्हणालात. आवाज चढला नव्हता, पण मला ते इतकं लागलं की त्या दिवशी मी जेवले नाही. आज मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना तेच वाक्य सांगते, आणि त्याही तोंड पाडतात.

पहिल्यांदा माहेरी जाऊन परत आले तेव्हा मी आयेच्या दारातली एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. वरून रुपेरी पट्टे, खालून जांभळी, जमिनीवर पसरणारी. आये तिला नुसतं जांभळी म्हणायची. तिच्या धुण्याच्या दगडाभोवती ती दाट माजलेली असे, आणि लहानपणी मी त्या पानांवर ओले पाय पुसायचे. तुमचा नियम मला माहीत होता. बाहेरून आलेलं कुठलंही झाड आधी महिनाभर कुंपणाशी वेगळं ठेवायचं, मग बघायचं. मी नियम पाळला नाही. तुम्ही बाजाराला गेलात त्या शनिवारी मी ती फांदी आपल्या नळामागे खोचली. दोन आठवड्यांत ती हातभर झाली. तुम्ही नळावर पाय धुताना थांबलात.

"हे कोनी लावलं गो?"

"ठाऊक नाही मामी. पाखरांनी आणलं असेल."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग त्या पानांकडे, आणि पाय धुऊन आत गेलात. मला वाटलं सुटले. ती वेल पाखरांच्या विष्ठेतून कधी उगवत नाही, तिचा तुकडा माणसानेच नेऊन टाकावा लागतो, हे मला पुढे कळलं. तुम्हाला ते तेव्हाच कळत होतं.

मग ते मोठं वादळ आलं. घर राहिलं, मांडव गेला. सकाळी बाहेर पडलो तर बांबू शेजाऱ्यांच्या वाटाण्यात पडलेले आणि सगळे डबे उघड्या आभाळाखाली. तुम्ही पदराने तोंड झाकून उभ्या राहिलात. नंतर आठवडाभर पाणी वाहत होतं, आणि नळामागच्या जांभळीचे तुकडे त्या पाण्याबरोबर मांडवाच्या जागेत पसरले. वरची सावली गेलेली, माती भिजलेली, तिला आणखी काय हवं होतं. चार महिन्यांत जमीन दिसेना. ती डब्यांवर चढली, डब्यांत उतरली, बेगोनियाच्या मुळांत शिरली. उपटली की पेराशी तुटायची, आणि मातीत राहिलेलं एकेक पेर पुन्हा फुटायचं. तिचा रस लागून तुमचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे, खाजायचे. मी बघत होते आणि गप्प होते.

त्याच दिवसांत समुद्रकाठच्या एका नव्या हॉटेलचा मुख्य माळी झाडं बघायला येणार असा निरोप आला. त्याला सावलीतली पानं हवी होती, बरीच. ते काम मिळालं तर मांडव पुन्हा उभा राहणार होता, यावेळी लोखंडी खांबांचा. तुम्ही तीन दिवस डबे पुसत होता. एकेक पान ओल्या कापडाने पुसलंत, वरवर दिसणारी जांभळी खुडून टाकलीत. माळी आला, क्रिओल माणूस, बोलायला भला. त्याने पानं पाहून मान डोलावली, मग एक डबा उपडा केला, दुसरा केला, तिसरा केला. तिन्हींच्या मातीत पांढरी-जांभळी मुळं. "मोव्हे लेर्ब," तो म्हणाला. वाईट तण. "मादाम, हे माझ्या बागेत गेलं तर माझी नोकरी जाईल. मो पा कापाव." मला जमणार नाही. त्याने डबे स्वतः सरळ करून ठेवले, टोपी काढून नमस्कार केला आणि गेला. तुम्ही त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलात. परत येताना तुमची चाल बदललेली होती.

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून डाळ निवडत होता. मी भाकरी थापत होते. हात थांबवून मी म्हणाले, "मामी, ती वेल मी आणली. माझ्या आयेच्या दारातली आहे. पाखराचं खोटं सांगितलं."

तुम्ही डाळीतून एक खडा काढून बाजूला टाकलात. "पाखरू केवढं व्हतं न् कंच्या बसमधनं उतरलं, ते मला पयल्याच दिशी दिसलं व्हतं."

"मग उपटून का नाही टाकलीत?"

तव्यावरची भाकरी करपत होती, ती मी उलटली.

"तू रोज चुलीम्होरं रडत व्हतीस. ती फांदी लावलीस न् दुसऱ्या दिशी न्हाय रडलीस. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे, मी कापून कापून आवरीन. माझाच अंदाज चुकला गो. वादळाचं म्या धरलं न्हवतं." मग ताट खाली ठेवून म्हणालात, "बरं, आता बसून काय. उद्यापासनं दोघी निंदायला बसू."

मामी, त्या वाक्यातल्या 'दोघी' या शब्दासाठी मी या घरात राहिले. त्याआधी मी कितीदा तरी मनातल्या मनात फ्लाकची बस धरली होती.

दोन वर्षं लागली आपल्याला. एकेक डबा उपडा करायचा, झाडाची मुळं बादलीत धुवायची, माती चाळून जांभळीचं पेर न् पेर वेचायचं, मग नव्या मातीत झाड लावायचं. डबे संपले की जमीन, हातभर पट्टा आज, हातभर उद्या. उपटलेली वेल टाकायची कुठे हाही प्रश्नच होता. कुंपणाबाहेर टाकली की तिथे रुजायची, दगडी बांधावर टाकली तर बांधाच्या फटीत रुजायची, आणि आपल्याकडे तिला वाळवण्याइतकं ऊन कुठलं. शेवटी कपडे उकळायच्या पत्र्याच्या पिंपात तुम्ही ती उकळायला लागलात. मागच्या अंगणात पिंपातून वाफ येते आहे, तुम्ही काठीने ढवळता आहात, आणि शेजारीण कुंपणावरून विचारते आहे की हा कसला पाला रांधता. "सुनंच्या म्हायेरची भाजी," तुम्ही चेहऱ्यावरची रेघही न हलवता सांगता. मी हसून हसून जमिनीवर बसते. त्या पिंपात नंतर पलंगाची चादर उकळली तेव्हा तिच्यावर मळकट डाग पडले, ते कधी गेले नाहीत. आपण ती चादर तशीच वापरली.

उपड्या डब्यांवर शेजारी शेजारी बसून मी तुमच्याकडून मराठी शिकले. माहेरी आम्ही निम्मं क्रिओल बोलायचो, निम्मं शेजारच्यांचं भोजपुरी. तुमच्या तोंडात मात्र तुमच्या आजीचे शब्द होते, खुडणं, निंदणं, चाळणं. मग मी देवळातल्या संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले, आणि एकदा येऊन सांगितलं की गुरुजी म्हणतात, कापिलेरला मराठीत हंसराज म्हणतात. तुम्ही त्या झाडाकडे पाहिलंत. "एवढ्याश्शा जिवाला एवढं मोठं नाव?" म्हणालात, पण त्या दिवसापासून त्याला पाणी घालताना तुम्ही तेच नाव घ्यायला लागलात.

शेवटी फक्त नळामागचं मूळ गचपण राहिलं. ते उद्या काढू, परवा काढू, असं आपण दोघीही म्हणत होतो. तेवढ्यात माझी आये गेल्याचा निरोप आला. तुम्ही माझ्याबरोबर फ्लाकला आलात, चटईवर माझ्या शेजारी बसलात, आणि दुसऱ्या दिवशी मला तिथे ठेवून परतलात. तेरावा करून मी आले. नळावर पाय धुवायला गेले तर नळामागची जमीन खरवडून साफ केलेली, एक पान नाही. तेच तर करायचं होतं, तरी मी पाय न धुताच उभी राहिले. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणालात, "वर बघ." वळचणीला तारेने टांगलेला डबा होता, आणि त्यात जांभळीच्या तीन फांद्या.

"भुईला टेकू द्यायची न्हाय. तेवढं मी बघीन," तुम्ही म्हणालात. आणि बघितलंत. दर रविवारी स्टुलावर चढून तुम्ही लोंबणारी टोकं कापायचात आणि मोजून चुलीत टाकायचात. मला कधी कापू दिली नाहीत. माझ्या हाताने कापायला नको, असं तुम्हाला वाटत असावं.

पुढच्या साली तुम्ही मला एकटीला त्या हॉटेलात पाठवलंत, तीन बेगोनिया टोपलीत घेऊन. मी म्हणाले, तुम्ही चला. तुम्ही म्हणालात, "त्यानं माझी माती बघितलीय. आता तुझी बघू दे." त्या माळ्याने तिन्ही डबे उपडे केले, माती बोटांत चुरून पाहिली, वास घेतला, आणि विचारलं, आणखी किती आहेत. मी परत आले तेव्हा तुम्ही बस थांबते तिथे उभ्या होता, धुक्यात, डोक्यावर गोणपाट घेऊन. माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला कळलं. तुम्ही टोपली घेतलीत आणि घरापर्यंत भराभर चाललात, मला गाठता येईना.

लोखंडी खांबांचा मांडव तुम्ही सहा-सात वर्षं वापरलात. शेवटी गुडघे वाकेनात, तेव्हा डब्यावर बसून काठीने दाखवायचात, ते बघ तिथं राहिलं, ते बघ. मला चीड यायची. मग एका थंडीत तुम्ही अंथरूण धरलंत आणि पंधरा दिवसांत गेलात. अखेरच्या आठवड्यात तुम्ही कुणालाच ओळखत नव्हता, पण मी पाणी पाजायला वाकले की माझे हात हातात घेऊन नखांतली माती बघायचात.

मांडव अजून आहे, मामी. आता जाळी वरून टाकतात, ती बाजारात मिळते. झाडं चांगली आहेत. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, वहीतच राहील, म्हणून एक सांगून टाकते. गेल्या वर्षापासून मी तणावर औषध मारून घेते. पाठीला पंप लावून एक माणूस येतो आणि तासाभरात काम करून जातो. हंसराजाची पानं कडेने पिवळी पडतात, तुम्ही असता तर फाटकातूनच ओळखलं असतं. माझे गुडघे दुखतात असं मी सगळ्यांना सांगते. दुखतात, पण तेवढे नाहीत. एकटीने खाली बसून निंदायला मला करमत नाही.